नाण्यांच्या दागिन्यांतून पाड्यावरच्या पावसाळ्याची बेगमी

गोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही तिघी मैत्रिणी घरी नाण्यांचे कानातले, पेंडंट आणि अंगठ्या बनवतो. ओळखीत बऱ्याच विकल्या गेल्या. दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याला सगळ्यात जास्त मागणी आहे. आता हे वाढवून नफ्यातून मोखाड्याकडच्या दोन पाड्यांना पावसाळ्यात धान्य द्यायचं आहे. किंमत काय लावावी? कुठे विकावं? आणि 'शंभर टक्के नफा आदिवासी बांधवांसाठी' असं टॅगवर लिहिलं तर चालेल का?"

मी इमिटेशन आणि पितळी दागिन्यांच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि पालघर जिल्ह्यातल्या एका धान्यकोषाचा, म्हणजे पाड्याच्या सामाईक धान्यसाठ्याचा, हिशेब बघायला मदत करते. त्यामुळे दोन्ही टोकांकडून सांगू शकते. ताई, तुमचा प्रश्न किमतीचा दिसतो, पण अडचण किमतीची नाही. दागिने खपतात गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत. पाड्यावर धान्य संपतं जून ते सप्टेंबरमध्ये. या दोन हंगामांची सांगड कशी घालायची, हा खरा प्रश्न आहे. ती घातली तर थोड्या पैशात बरंच होतं. नाही घातली तर दर वर्षी जूनमध्ये तुम्ही शहरातल्या वाण्याकडून चढ्या भावाने तांदूळ घेऊन टेम्पो पाठवत बसाल.

पण त्याआधी दहाच्या नाण्याचं काय ते बघू, कारण तिथे धोका आहे.

चलनातल्या नाण्याला भोक पाडू नका. दहाचं नको, पाचचं नको, एक-दोनचंही नको. नाणे अधिनियम, २०११ च्या कलम १२ मध्ये चलनातलं नाणं वितळवणं, मोडणं आणि देवघेवीशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरणं याला मनाई आहे. इतकंच नाही, दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्यासाठी आपल्या गरजेपेक्षा बरीच जास्त नाणी जवळ बाळगणंही त्यात येतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. स्मारक नाणी म्हणून सरकार जी काढतं तीही या व्याख्येत आहेत. "बाजारात सगळेच विकतात" हे मला माहीत आहे. पण तुम्ही टॅगवर स्वतःचं नाव, फोन नंबर आणि एक सामाजिक काम लिहून विकणार आहात. कोणी बोट दाखवलं तर दागिन्यांबरोबर ते कामही बदनाम होईल. त्यातून ज्या पाड्याचं नाव तुम्ही घेतलंय त्याचा यात काही दोष नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. कायद्यातली नाण्याची व्याख्या वैध चलनाची आहे, म्हणून ही बाद नाणी त्या कलमात येत नाहीत, असं माझं वाचन आहे. मोठ्या प्रमाणावर करणार असाल तर एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. पन्नास पैसे मात्र अजून चलनात आहेत. दुकानदार घेत नाही म्हणून ते बाद होत नाहीत.

बाद नाण्यांत दागिन्याला सगळ्यात गोड म्हणजे ॲल्युमिनियमची: लहरी कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, चौकोनी पाच पैसे. दहा पैशाचं नाणं अडीच ग्रॅमच्याही आत आहे, त्यामुळे मोठं दिसलं तरी कान ओढत नाही. झुमक्यासारखं तीन-चार नाण्यांचं काम याच धातूत करावं. कमळाचं चित्र असलेले पिवळे वीस पैसे मिळाले तर पेंडंटला वापरा, ते सोन्याच्या रंगाजवळ जातात. गेंड्याचं पंचवीस पैशाचं नाणं पोलादी आहे. दिसायला छान, पण साध्या ड्रिलचं पातं खाऊन टाकतं. कोबाल्टचं पातं नसेल तर त्याच्या नादी लागू नका. आणि एक सोय आधीच्या काळाने करून ठेवलीय: १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. मधोमध तयार भोक. दोरा ओवला की झालं. हे नाणं अजून शंभर वर्षांचं नाही आणि चोर बाजारात, फोर्टच्या फुटपाथवर मिळतं. भाव करताना घाई दाखवू नका एवढंच. युरो आल्यावर बाद झालेले लिरा आणि फ्रँकही अशाच ठिकाणी वजनावर मिळतात.

राणीछाप रुपयाला हात लावू नका. याची दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं: शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आदिवासी घरांत म्हातारीच्या गळ्यातली चांदीच्या रुपयांची माळ ही नुसती हौस नसते, ती घराची शेवटची शिल्लक असते. श्रावणात घरात दाणा नसला की ती तालुक्याच्या सोनाराकडे किंवा सावकाराकडे गहाण पडते. पाड्यावर गेलात की कोणीतरी तुम्हाला अशी माळ दाखवेल, "घ्या, तुमच्या कामाची आहे" म्हणेल. घेऊ नका. ज्या घराला धान्य द्यायला निघालात त्याच घराची बेगमी वजनाच्या भावाने उचलून आणली, असं व्हायला नको.

आता हातकामाचं थोडक्यात. भोक कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत, आधी पंचने खूण, मग हळू ड्रिल. ॲल्युमिनियमला रॉकेलचा थेंब सोडला की पातं चिकटत नाही. भोकाची कड कानसेने मारा, नाहीतर कडी झिजते आणि केस अडकतात. ॲल्युमिनियमला साधा डाग (सोल्डर) लागत नाही, म्हणून सगळी जोडणी कड्यांनीच करा आणि कडीचं तोंड पक्कडीने नीट बंद करा. परत येणाऱ्या मालातला निम्मा याच एका कारणाने येतो. तांब्या-पितळेला मुंबईच्या घामात हिरवट कळा येते, तेव्हा चिंचेने साफ करून, पूर्ण वाळवून पारदर्शक लॅकरचा हात द्या. कानात जाणारा हुक स्टीलचाच घ्या. जुन्या पंचवीस पैशांत निकेल असतं. निकेलची खाज अनेकींना येते, आणि युरोपात तर दागिन्यातून किती निकेल सुटावं यावर कायद्याची मर्यादा आहे. म्हणून अंगठ्या सोडाच, असं मी सांगेन. अंगठी दिवसभर ओल्या कातडीला चिकटून असते, माप चुकलं की परत येते, आणि एका अंगठीच्या वेळात तीन जोड कानातले होतात.

किंमत. आकडे माझे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला. समजा एका जोडीला नाणी, हुक, कड्या, दोरा मिळून ४० रुपये लागले. पाऊण तास काम, ताशी ८० धरले तर मजुरी ६०. डबी आणि टॅग १५. स्टॉलचं भाडं किंवा दुकानाचं कमिशन विक्रीच्या वीस टक्के, म्हणजे अडीचशेच्या जोडीवर ५०. खराब झालेला आणि न खपलेला माल यापोटी १५. एकूण १८०, उरले ७०.

इथे तुम्ही म्हणाल, मजुरी आम्ही घेणारच नाही, सेवा म्हणून करतोय. घ्या. कागदावर तरी घ्या, मग हवी तर देऊन टाका. कारण दिवाळीच्या आधी हात कमी पडले की चौथी बाई लागेल, आणि तिला घर चालवायचं असेल. मजुरी न धरता लावलेली किंमत त्या दिवशी कोसळते, आणि गिऱ्हाइकाला एकदा दीडशेची सवय लागली की अडीचशे सांगताना तोंड उघडत नाही.

या ७० मधले ५० धान्यकोषाला आणि २० पुढच्या मालाच्या भांडवलाला, असं ठरवा. आणि टॅगवर "शंभर टक्के नफा" लिहू नका. नफा म्हणजे काय हे तुमच्याशिवाय कोणालाच कळत नाही, आणि तोटा झाला तर शंभर टक्के शून्य. त्यापेक्षा "या जोडीमागे ५० रुपये धान्यकोषात" लिहा. गिऱ्हाईक मोजू शकतं, तुम्ही मोजू शकता, पाडाही मोजू शकतो. २०२५-२६ च्या हंगामात नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आणि साध्या भाताचा २,३६९ रुपये होता. म्हणजे पन्नास रुपयांत एक किलो नाचणी किंवा दोन किलोंहून थोडं जास्त भात. त्यामुळे "एक जोडी, एक किलो नाचणी" असंही लिहिता येईल. पुढच्या वर्षी भाव बदलला की टॅग बदला.

कायद्याची दुसरी बाजू छोटी आहे पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. तुम्ही वस्तू विकून स्वतःच्या नफ्यातून देता तोवर तो व्यापार आहे. ज्या क्षणी टेबलावर दानपेटी ठेवता किंवा "धान्यासाठी मदत करा" म्हणून क्यूआर लावता, त्या क्षणी ते निधी गोळा करणं होतं. नोंदणीकृत संस्था नसताना तसं करायचं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गल्लीतलं गणपती मंडळ वर्गणीसाठी जी घेतं तीच. विक्री आणि देणगी एकत्र करू नका, आणि क्यूआर कोणा एकीच्या घरखर्चाच्या खात्याचा नको. वेगळं खातं उघडा. पन्नास-पन्नास रुपये करसवलतीची मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेला देणार असाल तर करसवलतीची पावती तुम्हाला मिळेल. कानातले घेणाऱ्याला नाही, कारण त्याने खरेदी केली आहे. काही जणी हे विचारतील, तेव्हा सरळ सांगा. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकताना वार्षिक उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत लागत नाही. राज्याबाहेर ऑनलाइन पाठवायला लागलात की सीएला विचारा.

कुठे विकायचं हे तुमच्या वेळेवर अवलंबून आहे. लोकलच्या लेडीज डब्यात जाऊ नका. तिथे पन्नासच्या आतला माल चालतो आणि तिथल्या विकणाऱ्या बायका तुमच्यापेक्षा शंभर पटीने तयार आहेत. भुलेश्वरच्या दुकानात घाऊक द्यायचा विचारही सोडा, ते निम्म्या किमतीला मागतील आणि तुमची गोष्ट त्यांच्या काउंटरवर कोणी सांगणार नाही. तुमची जागा म्हणजे जिथे गिऱ्हाईक थांबून दोन मिनिटं बोलतं: दिवाळीआधीच्या ग्राहक पेठा, दादरच्या वनिता समाजात भरतात तशी प्रदर्शनं, सोसायट्यांचे गणपतीतले स्टॉल, पार्ल्या-डोंबिवलीकडचे महिला मेळावे. जानेवारी-फेब्रुवारीत महालक्ष्मी सरस आणि काळा घोडा. पण सरसमध्ये जागा ग्रामीण बचत गटांची असते, तुम्ही शहरातल्या तिघी तिथे हक्क सांगू शकत नाही. पाड्यावरचा गट उद्या स्वतः काही विकणार असेल तर ती वेगळी गोष्ट.

एक सोपी युक्ती: नवरात्र. मुंबईतल्या ऑफिसांत नऊ दिवस नऊ रंग घालतात. दहा पैशाचं पांढुरकं नाणं आणि खाली त्या दिवसाच्या रंगाचा गोंडा, असा नऊ जोड्यांचा संच घटस्थापनेच्या तीन आठवडे आधी दाखवायला सुरुवात करा. ऑफिसातली एक बाई संच घेते आणि तिचा अख्खा मजला मागवतो. रंग दर वर्षी बदलतात, म्हणून गोंडे आधी भरून ठेवू नका. नाणी आणि हुक तयार ठेवा, रंग जाहीर झाला की दोरा लावा.

नवरात्र एवढ्यासाठीही सांगतेय की ते बरोबर वेळेवर येतं. आता मूळ मुद्द्याकडे.

जव्हार-मोखाड्याकडे भात, नाचणी, वरई दसरा ते तुळशीच्या लग्नाच्या आसपास घरात येते. तेव्हा प्रत्येकाकडे एकाच वेळी धान्य असतं, म्हणून भाव सगळ्यात कमी असतो. सणाला, लग्नाला, जुनं देणं फेडायला लोक त्यातलं बरंच विकतात. काहींनी तर पावसाळ्यातच उभ्या पिकावर पैसे घेतलेले असतात. त्या व्यवहाराला पालेमोड म्हणतात, आणि खळ्यावरून धान्य थेट व्यापाऱ्याकडे जातं. दिवाळी झाली की बरीच घरं वीटभट्टीची उचल घेऊन भिवंडी, वसई, ठाण्याकडे निघतात. होळीला काही येतात, बाकीची पावसाच्या तोंडावर. येताना हातात थोडी रोकड असते, ती बियाणं, औषधपाणी आणि घर शाकारण्यात जाते. मग आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस. कष्ट सगळ्यात जास्त तेव्हा, आणि कणगी रिकामी. त्या वेळी सावकाराकडून पायलीभर घेतली तर सवाई किंवा दिढीने परत करायची: चार शेरांच्या पायलीला एक शेर जास्त, नाहीतर दोन शेर जास्त, तेही चार महिन्यांत.

म्हणजे जे धान्य नोव्हेंबरमध्ये पाड्यावरून स्वस्तात खाली उतरतं, तेच जुलैमध्ये महाग होऊन वर चढतं. तुमच्या पैशाने फक्त एवढं करायचं की त्यातलं काही धान्य उतरूच द्यायचं नाही. गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या विक्रीचे पैसे खळ्याच्या वेळी हातात असतात. त्यातून त्याच पाड्यातल्या लोकांकडून, हमीभावाच्या खाली न जाता, भात आणि नाचणी विकत घ्या आणि तिथेच साठवा. पावसाळ्यात ज्याला हवं त्याने उसनं न्यावं, झोडणी झाली की परत आणावं. वर क्विंटलमागे पाच-सात किलो, घट आणि उंदरांचं भरून काढण्यापुरते. सवाईच्या जवळपासही जायचं नाही. आणि परतफेड भट्टीला निघायच्या आधी, खळ्यावरच. एकदा माणूस भिवंडीला गेला की धान्य पुढच्या वर्षीवर गेलं.

याला धान्यकोष म्हणतात. नवीन कल्पना नाही, सरकारी योजनेतही ती येऊन गेली आहे. पण फुकट वाटण्यापेक्षा ती मला का पटते ते आकड्यांत बघा. चाळीस घरांचा पाडा, घरटी अर्धा क्विंटल. एकूण २० क्विंटल, निम्मी नाचणी, निम्मा भात. वरच्या भावाने ७२,५५० रुपये. जोडीमागे ५० रुपयांनी साधारण साडेचौदाशे जोड्या. पाऊण तासाच्या हिशेबाने तिघींनी रोज एक-एक तास, जवळजवळ वर्षभर. फुकट वाटलंत तर हे दर वर्षी करायचं, आणि ज्या वर्षी एकीच्या मुलीचं लग्न निघेल त्या वर्षी पाडा रिकामा. कोष भरलात तर हे एकदाच, तेही दोन दिवाळ्यांत विभागून. तिसऱ्या वर्षापासून तुमचे पैसे डाळ, तेल आणि पत्र्याच्या कोठ्यांसाठी मोकळे होतात.

साठवताना तांदूळ ठेवू नका, भात ठेवा. कांडलेल्या तांदळाला पावसाळ्यात कीड लवकर लागते. नाचणी नीट वाळवलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते. कोठी जमिनीवर नको, फळ्यांवर. तिकडच्या पावसात जमिनीची ओल भिंतीतून चढते. कुलूप कोणाकडे आणि वही कोणाकडे हे तुम्ही ठरवू नका. मोखाडा, जव्हार हे अनुसूचित क्षेत्र आहे, १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला अधिकार आहेत. निर्णय तिथे होऊ द्या, वही शक्यतो बायकांच्या बचत गटाकडे असू द्या. काय साठवायचं हेही त्याच सांगतील. कदाचित नाचणीपेक्षा उडीद किंवा तूर मागतील, कारण तांदूळ रेशनवर मिळतो आणि डाळीला पैसे पडतात. तसं म्हणाल्या तर माझे वरचे आकडे बाजूला ठेवा.

रेशनचं निघालंच आहे म्हणून, एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण सांगते. एकही दागिना विकण्याआधी त्या पाड्यातल्या शिधापत्रिका बघा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळतं. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्य कार्डावर एका लहान मुलाचं किंवा नव्या सुनेचं नाव चढलेलं नसेल तर त्या घराचं वर्षाला ६० किलो धान्य बुडतं. तुमच्या भाषेत, जोडीला एक किलो नाचणी धरली तर, साठच्या आसपास जोड्या, एका नावामागे. नाव चढवायला लागतो तालुक्याचा हेलपाटा, आधारची झेरॉक्स, बुडालेली मजुरी आणि काउंटरवर ठामपणे बोलणारं कोणीतरी. तालुक्याचा इष्टांक (ठरवून दिलेला कोटा) शिल्लक नसेल तर नाव अडकतं, ते तुमच्या हातात नाही. पण बरीचशी नावं इष्टांकामुळे नाही, हेलपाट्यामुळे राहिलेली असतात. कातकरी घरांकडे खास लक्ष द्या, भट्टीवर असल्यामुळे पडताळणीच्या वेळी ती गावात नसतात. तुमच्यातली एखादी बँकेत किंवा सरकारी कचेरीत काम केलेली असेल तर तिला ड्रिलवर बसवू नका, या कामाला लावा. तसंच पाहायचं ते अंगणवाडीचं. गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण मिळायला हवं. मिळतं का हे विचारायला पैसे लागत नाहीत.

विक्रीच्या वेळी काय सांगायचं, तर खरं आणि थोडं. नागड्या, हडकुळ्या मुलांचे फोटो टॅगवर किंवा स्टॉलवर नकोत. त्या मुलांच्या आईने तुम्हाला कानातले विकायला फोटो दिलेला नाही. वारली चित्रं छापून घ्यायचा मोह होईल. ती काढणाऱ्या कलाकाराकडून मोबदला देऊन घेतलीत तर ठीक, इंटरनेटवरून उचललीत तर नको. दर दिवाळीला एका कागदावर चार ओळी लावा: किती जोड्या गेल्या, किती रुपये जमा झाले, किती धान्य घेतलं, किती परत आलं. परत न आलेलंही लिहा. गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी याच कागदामुळे येतं, हे मी स्टॉलवर उभी राहून पाहिलंय.

पाड्यावरच्या बायकांनाच दागिने शिकवावेत का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. घाई करू नका. ड्रिलला वीज लागते, पावसाळ्यात ती तिथे भरवशाची नाही, आणि त्या दिवसांत त्यांचे हात आवणीत असतात. ओवण्याचं, गोंडे बांधण्याचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, जी घरं भट्टीला गेली नाहीत त्यांना, नगाप्रमाणे मजुरी ठरवून देता येईल. ती मजुरी शहरातल्या बाईला देता तेवढीच असावी. धान्यकोषाच्या पैशांतून ती वळती करू नका.

आणि दोन पाडे नकोत, एकच घ्या. साडेचौदाशे जोड्या एका पाड्याचं गणित आहे. दोघांत वाटलंत तर घरटी पंचवीस किलो येईल. पाच माणसांच्या घराला रेशनवर महिन्याला तेवढंच मिळतं, तेवढ्यासाठी कोणी ग्रामसभा बोलावणार नाही आणि सावकाराकडे जाणंही थांबणार नाही. दोन पाड्यांपैकी कुठला हे ठरवताना रस्ता, गरिबी हे बघालच, पण त्याआधी एवढं विचारा: बायकांचा बचत गट चालू आहे का, आणि त्याची वही शेवटची कधी लिहिली गेली. जिथे वही ताजी आहे तिथून सुरुवात करा. दुसऱ्या पाड्यात या वर्षी फक्त शिधापत्रिकांचं काम करा.